दुसऱ्या भागाची कसोटी : शोधखेळ, त्यांचे पुढचे भाग आणि खेळणाऱ्यांचे मत

संगणकावरच्या खेळांमध्ये ‘पॉइंट अँड क्लिक ॲडव्हेंचर’ या नावाने ओळखला जाणारा एक प्रकार असा आहे, की त्यात बोटांची चपळाई, नेमबाजी किंवा घड्याळाशी शर्यत यांना जवळजवळ काहीच स्थान नसते. पडद्यावर एखादी खोली, बंदर किंवा पडका किल्ला यांचे चित्र असते, खेळणारा माउसचा बाण त्या चित्रातील वस्तूवर नेऊन कळ दाबतो, आणि मग खेळातील पात्र ती वस्तू न्याहाळते, उचलते किंवा समोरच्या माणसाशी बोलू लागते. उचललेल्या वस्तू पात्राच्या झोळीत जमा होतात, कोणती वस्तू कोठे किंवा कोणाबरोबर वापरायची हे ओळखले की एक कोडे सुटते, आणि कोडे सुटल्याखेरीज कथा तसूभरही पुढे सरकत नाही. मराठीत या प्रकाराला रूढ नाव नसल्याने पुढील विवेचनात त्याला ‘शोधखेळ’ म्हटले आहे.

या शेवटच्या अटीमुळेच शोधखेळाच्या पुढच्या भागाविषयी खेळणाऱ्यांची मते इतर कलाप्रकारांतील मतांपेक्षा तीव्र असतात. कादंबरी वाचणारा कंटाळला तर चार पाने चाळून पुढे जाऊ शकतो आणि चित्रपट तर प्रेक्षकाला झोप लागली तरी चालूच राहतो, पण शोधखेळात एका बंद दारापुढे दोन-दोन दिवस अडून राहिलेल्या माणसाला ते दार उघडल्यावर पुढची कथा आपण कमावली असे वाटते, आणि कमावलेल्या गोष्टीवर माणूस हक्क सांगतो. त्यामुळे दुसरा भाग आला की तो चांगला आहे की वाईट एवढ्यावर चर्चा थांबत नाही, तर निर्मात्याने आपला विश्वास राखला की मोडला, असा प्रश्न उभा राहतो. या प्रकाराचा सुमारे पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला तर खेळणाऱ्यांच्या तक्रारींनी त्याला जितका आकार दिला तितका तंत्रज्ञानानेही क्वचितच दिला, असे म्हणावे लागते.

याची सुरुवातच एका खेळणाऱ्याने केलेल्या भरीतून झाली. विल क्राउदर या अमेरिकी प्रोग्रॅमरला गुहा धुंडाळण्याचा छंद होता. केंटकी राज्यातील मॅमथ गुहेच्या आधारे त्याने 1970च्या दशकाच्या मध्यात केवळ मजकुरावर चालणारा एक खेळ लिहिला, ज्यात खेळणाऱ्याने इंग्रजीत दोन शब्दांची आज्ञा टंकायची आणि संगणकाने पुढची जागा शब्दांत वर्णन करून सांगायची. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉन वुड्स याला हा खेळ आढळला, त्यातील उणिवा खटकल्या, आणि संगणकांच्या त्या वेळच्या छोट्याशा जाळ्यावर जेवढी केंद्रे होती तेवढ्या सर्वांवर ‘क्राउदर’ या नावाने संदेश पाठवून त्याने मूळ कर्त्याला शोधून काढले. त्याच्या संमतीने वुड्सने 1977 साली वाढवलेला ‘कोलॉसल केव्ह’ हाच पुढच्या सगळ्या शोधखेळांचा मूळपुरुष ठरला. खेळणाऱ्याचे मत आणि खेळाचा विस्तार या दोन गोष्टी इतक्या जवळ पुन्हा फार थोड्या वेळा आल्या.

पुढे केन आणि रॉबर्टा विल्यम्स या दांपत्याच्या सिएरा कंपनीने 1980 साली ‘मिस्टरी हाउस’मध्ये मजकुराला चित्रांची जोड दिली आणि 1984 साली ‘किंग्ज क्वेस्ट’मध्ये पात्राला त्या चित्रात चालते केले. सिएराचे खेळ लोकप्रिय होते, पण ते खेळणाऱ्याला निर्दयपणे वागवत. 1990 साली आलेल्या ‘किंग्ज क्वेस्ट’च्या पाचव्या भागातील एक प्रसंग या निर्दयतेचा नमुना म्हणून आजही सांगितला जातो. नायकाला वाटेत एक गोड पाय, म्हणजे दुधाच्या मऊ सारणाचा भाजलेला पदार्थ मिळतो. बर्फाळ डोंगरात त्याला भूक लागते तेव्हा झोळीतील हा पदार्थ खाऊन टाकणे कोणालाही साहजिक वाटेल, परंतु पुढे हिममानव वाटेत आडवा येतो आणि त्याच्या तोंडावर तोच पदार्थ फेकून मारणे एवढाच त्याच्यापासून सुटण्याचा उपाय असतो. पदार्थ खाल्लेला असेल तर खेळ तिथेच संपतो, आणि चूक नेमकी कोठे झाली हे खेळ सांगतही नाही. याच भागात सिएराने आज्ञा टंकण्याची पद्धत सोडून माउसने निवडायची चिन्हे आणली, तेव्हा जुन्या खेळणाऱ्यांपैकी अनेकांना खेळ सोपा आणि बालिश झाल्यासारखे वाटले. पुढच्या भागाने वाट वाकडी केली की जुना माणूस कुरकुरतो, हा या इतिहासातील पुन्हा पुन्हा दिसणारा नियम इथे प्रथम ठळक झाला.

सिएराच्या या रीतीला उत्तर देणारा रॉन गिल्बर्ट हा आधी ‘किंग्ज क्वेस्ट’चा खेळणारा होता, ही बाब महत्त्वाची आहे. लुकासफिल्मच्या खेळ-विभागात त्याने गॅरी विनिकबरोबर 1987 साली ‘मॅनिॲक मॅन्शन’ केला, त्यात क्रियापदे पडद्यावरच मांडून ठेवली म्हणजे कोणता शब्द संगणकाला कळतो हे अंदाजाने शोधत बसण्याची वेळ येऊ नये, आणि 1989 साली एका व्यवसायपत्रिकेत लेख लिहून शोधखेळ का चिडचिड करायला लावतात याची कारणमीमांसा केली. खेळणाऱ्याला विनाकारण मारू नये, मागे परतता येणार नाही अशा कोंडीत नकळत अडकवू नये, आणि कोड्याचे उत्तर सापडल्यावर ‘हे आपल्याला आधीच सुचायला हवे होते’ असे त्याला वाटावे, हा त्या लेखाचा सारांश. 1990 सालच्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’मध्ये या तत्त्वांचे मूर्त रूप दिसते; त्यात नायक गायब्रश कड्यावरून खाली कोसळतो, सिएराच्या खेळात येत असे तशी मृत्यूची सूचना पडद्यावर येते, आणि क्षणात तो खालच्या रबराच्या झाडावर आपटून उसळी घेत पुन्हा वर येऊन उभा राहतो.

पुढच्याच वर्षी, 1991च्या अखेरीस, त्याचा दुसरा भाग आला, आणि शोधखेळाच्या पुढच्या भागाविषयी झालेला सर्वांत दीर्घ वाद तेथून सुरू झाला. कोडी आणि विनोद या बाबतीत दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस आहे यावर फारसे दुमत नव्हते, आणि ज्यांना कोडी जड वाटतात त्यांच्यासाठी एक सोपी आवृत्तीही त्यातच दिली होती. वाद होता तो शेवटाविषयी. चाचेगिरीचा सगळा डोलारा अखेरच्या प्रसंगात अचानक कोसळतो, नायक आणि त्याचा वैरी ही एका जत्रेसारख्या करमणूक-बागेतील दोन लहान मुले असल्याचे दिसते, आणि खेळ संपतो. काहींना तो धाडसी वाटला, काहींना ती सरळसरळ फसवणूक वाटली, तर काहींनी तिसऱ्या भागात उलगडा होईल म्हणून वाट पाहायचे ठरवले. गिल्बर्टने 1992 साली कंपनी सोडल्यामुळे उलगडा मात्र त्याच्याकडेच राहिला. 1997 साली वेगळ्या हातांनी केलेल्या तिसऱ्या भागाने सुरुवातीलाच नायकाला करमणूक-बागेतील टक्करगाडीत बसवून समुद्रात तरंगत आणले आणि त्या शेवटाचा विषय हळूच बाजूला सारला. चौथा भाग 2000 साली त्रिमित चित्रणात आला, माउस गेला, आणि त्यातील माकडांच्या कुस्तीचे कोडे तर वेळकाढू म्हणून कायमचे बदनाम झाले.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण ‘मिस्ट’ आणि ‘रिव्हन’ या जोडीचे आहे. रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी केलेला ‘मिस्ट’ 1993 साली सीडीवर आला, त्याच्या 60 लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि एरवी संगणकावर कधीही न खेळणारी माणसे त्या निर्जन बेटावर तासन्‌तास हिंडली. 1997 साली पाच सीडींवर आलेल्या ‘रिव्हन’च्या नावातच तो ‘मिस्ट’चा पुढचा भाग असल्याचे छापले होते. त्यातील कोडी जगापासून वेगळी काढता येत नाहीत, हे त्याचे मोठेपण. एका ओसाड शाळाघरात मुलांचे एक खेळणे ठेवलेले असते. त्याची कळ फिरवली की एक अनोळखी चिन्ह उमटते आणि दोरीला टांगलेली बाहुली खाली वासून असलेल्या जलचराच्या जबड्याकडे काही घरे उतरते. बाहुली किती घरे उतरली हे मोजले की त्या चिन्हाचा अंक कळतो, आणि असे अंक जमवत गेले की 25 या संख्येवर आधारलेली त्या लोकांची गणनपद्धती खेळणाऱ्याला स्वतः शिकावी लागते. ती शिकल्याखेरीज शेवटची दारे उघडत नाहीत. शिक्षा, भीती आणि शिक्षण यांचा त्या समाजात काय संबंध होता हेही ते खेळणे न बोलता सांगून जाते. अनेकांना ‘रिव्हन’ पुरा करता आला नाही आणि त्याच्या कठीणपणाविषयी तक्रार पुष्कळ झाली, तरीही ज्यांनी तो तडीस नेला त्यांच्या लेखी त्याच्या तोडीचा पुढचा भाग या प्रकारात झाला नाही, आणि हे मत योग्यच आहे.

शतकाच्या अखेरीस मात्र या प्रकाराला ओहोटी लागली, आणि तिची खूण म्हणूनही एका पुढच्या भागाकडेच बोट दाखवले जाते. 1999 सालच्या ‘गॅब्रिएल नाइट’च्या तिसऱ्या भागात नायकाला मित्राच्या नावावर मोटारसायकल भाड्याने घ्यायची असते. त्यासाठी त्याने फटीला चिकटपट्टी लावायची, मांजरीवर पाणी फवारून तिला त्या फटीतून पळवायचे, पट्टीला चिकटलेले केस पाकाने ओठावर चिकटवून मिशी करायची, आणि मित्राला मुळात मिशी नसल्याने त्याच्या पासपोर्टवरील छायाचित्रालाही शाईने मिशी काढायची, अशी ही साखळी आहे. 2000 साली एरिक वोल्पॉ या समीक्षकाने या कोड्याची एकेक पायरी मांडून असे प्रतिपादन केले, की शोधखेळांना कोणी मारलेले नाही, त्यांनी स्वतःच स्वतःचा जीव घेतला. निकाल जरा कठोर होता, कारण त्याच खेळातील नकाशा आणि भूमिती यांवर आधारलेले मोठे कोडे या प्रकारातील उत्तम कोड्यांपैकी आहे. पण खेळणाऱ्यांच्या मनात साचलेल्या चिडीला त्या टीकेने शब्द दिले. लुकासफिल्मच्या खेळ-विभागाने, ज्याचे नाव तोवर लुकासआर्ट्स झाले होते, 2003 साली ‘फुल थ्रॉटल’चा आणि 2004 साली ‘सॅम अँड मॅक्स’चा पुढचा भाग तयार होत असतानाच रद्द केला, तेव्हा न आलेल्या खेळांसाठी चाहत्यांनी निषेध नोंदवला.

ज्या काळात हे सगळे घडत होते त्या काळात महाराष्ट्राच्या बऱ्याच मोठ्या भागाला या वादात मतच नव्हते, कारण खेळच पोहोचलेला नव्हता. उदाहरणार्थ, शेलूबाजार हे वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील चौफुलीवरचे गाव आहे. अकोल्याहून मंगरूळपीरकडे आणि कारंज्याहून मालेगाव-मेहकरकडे जाणारे रस्ते तेथे भेटतात, आणि बाजार हा शब्द तर गावाच्या नावातच आहे. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला, ते वर्ष शोधखेळांच्या भरभराटीच्या शेवटच्या वर्षांपैकी एक होते. सोयाबीन, तूर आणि कापूस यांच्या पैशावर चालणाऱ्या अशा गावात घरी संगणक घेणे ही त्या वेळी अपवादाने परवडणारी गोष्ट होती. माउस हाताळण्याची ओळख विदर्भातील बहुतेक तरुणांना झाली ती महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमातून, जो या शतकाच्या आरंभी सुरू झाला आणि सरकारी नोकरीसाठी लागू लागल्यामुळे तालुक्या-तालुक्यांत पसरला. बाण हवा तेथे नेणे, कळ दाबणे आणि वस्तू ओढून दुसरीकडे सोडणे ही सवय विंडोजमधील पत्त्यांचा सॉलिटेअर खेळताना हाताला लागत असे. म्हणजे शोधखेळाला लागणारे सगळे हस्तकौशल्य गावात आले, पण त्या कौशल्याने खेळायचा खेळ आला नाही.

याला आणखी दोन कारणे होती. 2005 नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे कित्येक तास भारनियमन असे, आणि शोधखेळ हा तर निवांत बसून, मधूनमधून आपली प्रगती जतन करत खेळायचा खेळ; वीज केव्हा जाईल याचा नेम नसताना तीन तासांपूर्वी जतन केलेल्या जागी परत जावे लागणे कोणाच्याही उत्साहाला पुरून उरेल. दुसरे कारण भाषेचे. धावण्याचा किंवा गोळीबाराचा खेळ एक अक्षर न वाचता खेळता येतो, पण शोधखेळात कोड्याचे सूत्र पुष्कळदा संवादातील एखाद्या शेऱ्यात दडलेले असते, आणि ते शेरे मराठीत कोणी केलेच नव्हते. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाच्या बुद्धीत कमी काहीच नव्हते. दार त्याच्यासाठी दुसऱ्याच कुलपाने बंद होते, आणि मराठी वाचकांपर्यंत नवे साहित्य नेण्यासाठी झटणाऱ्यांनीही या माध्यमाकडे पाहिले नाही, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

पाश्चात्त्य देशांत या प्रकाराचे पुनरुज्जीवन झाले ते खेळणाऱ्यांच्या वर्गणीतून. टिम शेफरच्या डबल फाइन या संस्थेने फेब्रुवारी 2012 मध्ये एका नव्या शोधखेळासाठी लोकांकडे 4 लाख डॉलर मागितले आणि 87 हजारांहून अधिक लोकांनी मिळून 33 लाखांहून अधिक डॉलर दिले. तोवर खेळणाऱ्याचे मत विक्रीनंतर येत असे. आता ते पैशाबरोबर आधीच येऊ लागले. पैसा आणि वेळ पुरेनासा झाल्यावर ‘ब्रोकन एज’ हा खेळ दोन भागांत द्यावा लागला. अर्धी कृती आधी दाखवणे मराठी रसिकाला नवे नाही, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चे पहिले चारच अंक 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात रंगभूमीवर आले आणि उरलेले नंतर, पण तेथे कालिदासाची कथा सर्वांना ठाऊक होती, येथे मात्र पुढे काय होणार हे कोणालाच माहीत नव्हते. जानेवारी 2014 मध्ये पहिला भाग आला तेव्हा तो देखणा पण फारच सोपा असल्याचे मत पडले. एप्रिल 2015 मध्ये दुसरा भाग आला तो कठीण कोडी घेऊन, आणि मग तारा जोडण्याच्या कोड्यांनी नाकी नऊ आणले, जुन्याच जागा पुन्हा फिरवल्या, अशी तक्रार सुरू झाली. खेळणाऱ्याची तक्रार बहुधा खरी असते, त्याने सुचवलेला उपाय मात्र क्वचितच पुरेसा असतो. पहिल्या भागात लोकांना जे उणे वाटले ते काठिण्य नव्हते, कोडे आणि कथा यांतील वीण सैल होती.

तक्रार कशी पचवावी याचा अधिक समंजस धडा इंग्लंडमधील यॉर्क येथील रेव्होल्यूशन संस्थेच्या चार्ल्स सेसिलने दिला. त्याच्या ‘ब्रोकन सोर्ड’च्या 1996 सालच्या पहिल्या भागात आयर्लंडमधील एका किल्ल्यात एक बोकड वाट अडवतो, आणि बाकीच्या खेळात कोठेही न लागणारी घाई त्याच एका जागी करावी लागते, हे न कळल्यामुळे असंख्य माणसे तेथे अडकली. 2003 सालच्या तिसऱ्या भागात त्रिमित जग आणि ढकलायच्या पेट्या आल्या, तेव्हा चाहत्यांनी त्या पेट्यांविषयी इतके ऐकवले की पाचव्या भागासाठी 2012 साली वर्गणी मागताना हाताने रंगवलेल्या द्विमित चित्रांकडे परतणे हेच मुख्य आश्वासन ठरले. 2013-14 मध्ये दोन हप्त्यांत आलेल्या त्या भागात बोकडही परतला, आणि सतरा वर्षांपूर्वी त्याच्यापायी रात्र घालवलेल्यांनी त्याचे स्वागत केले. बेन्वा सोकाल यांच्या ‘सायबेरिया’च्या चाहत्यांना एवढे सुख मिळाले नाही; 2004 सालच्या दुसऱ्या भागानंतर तेरा वर्षांनी आलेला तिसरा भाग अवघडलेल्या हालचालींमुळे आणि दोषांमुळे निराश करून गेला, आणि मार्च 2022 मध्ये चौथ्या भागाने मालिकेची प्रतिष्ठा सावरली तेव्हा ते पाहायला सोकाल हयात नव्हते.

मंकी आयलंडचा तीस वर्षांचा हिशेबही याच सुमारास पुरा झाला. 1 एप्रिल 2022 रोजी गिल्बर्टने नवा भाग जाहीर केला, डेव्ह ग्रॉसमन त्याच्या जोडीला होता, आणि रेक्स क्राउल याने चित्रांना कागदी कातरकामासारखी नवी धाटणी दिली होती. ती पाहताच काही चाहत्यांनी खेळ हाती येण्याआधीच इतकी व्यक्तिगत शिवीगाळ केली, की त्या खेळाविषयी जाहीरपणे बोलणे आपण थांबवत असल्याचे गिल्बर्टला सांगावे लागले. हक्काची भावना येथे मर्यादा सोडून गेली, आणि तिचे समर्थन कोणत्याही आठवणींच्या आधारे करता येत नाही. 19 सप्टेंबर 2022 रोजी आलेला ‘रिटर्न टू मंकी आयलंड’ मात्र त्या जुन्या करमणूक-बागेच्या दृश्यापासूनच सुरू होतो, अडलेल्यासाठी झोळीतच सूचनांची वही ठेवतो, आणि गुपिताचा एकच एक उलगडा अखेरपर्यंत देत नाही. चित्रांविषयीचा विरोध खेळल्यानंतर बराच ओसरला. शेवटाविषयीचा वाद 1991 साली होता तसाच पुन्हा पेटला.

दरम्यान शेलूबाजारसारख्या गावांची परिस्थिती वेगळ्याच दिशेने बदलली होती. सप्टेंबर 2016 नंतर स्वस्त इंटरनेट मोबाइलवर आले, माउसच्या बाणाची जागा बोटाने घेतली, आणि शोधखेळाला बोट तर माउसपेक्षाही सोयीचे ठरते. भाषेचा अडसर चेक प्रजासत्ताकातील याकुब द्वोर्स्की यांच्या अमानिता डिझाइन या संस्थेने आधीच दूर केलेला होता. ‘सामोरोस्त’ (2003), त्याचे 2005 आणि 2016 सालचे पुढचे भाग आणि 2009 सालचा ‘मशिनेरियम’ या खेळांत पात्रे शब्दांनी बोलत नाहीत. त्यांना काय हवे ते डोक्यावरच्या फुग्यातील हलत्या चित्रांतून किंवा हावभावांतून कळते, त्यामुळे ते प्रागमध्ये जितके समजतात तितकेच मंगरूळपीर तालुक्यात समजतात. पहिल्या दोन ‘सामोरोस्त’विषयी दूरदूरच्या खेळणाऱ्यांचे मत जवळपास एकच आहे, की ते फार लवकर संपतात, आणि तिसऱ्याची लांबी वाढवून द्वोर्स्की यांनी त्या मताला मान दिला.

महाराष्ट्रातील निर्मात्याच्या वाट्याला अशा मतांचा भार आला तो 2020 साली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा लढाईचा भाग अधिक असलेला साहसखेळ आहे, त्यामुळे तो काटेकोर अर्थाने शोधखेळ ठरत नाही. पण हरवलेल्या धाकट्या भावाचा, गोलूचा, शोध घेणाऱ्या मुलीची ती कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या निवेदनातून उलगडते आणि वाटेत चित्रांची कोडी जुळवावी लागतात. 2017 साली या खेळासाठी लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता, तरी संस्थेने काम सोडले नाही, आणि 2020 सालच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या उत्तम खेळांच्या नामांकनांत त्याची गणना झाली. राजस्थानी वास्तूंच्या आणि पहाडी लघुचित्रांच्या आधारे उभ्या केलेल्या त्याच्या दृश्यांचे जगभर कौतुक झाले, लढाईतील अवघडलेपणावर टीका झाली, आणि सर्वांत मोठी तक्रार होती ती कथा ऐन भरात असताना शेवट अचानक येतो, ही. मंकी आयलंडच्या दुसऱ्या भागाने ज्या प्रश्नापाशी आपल्या खेळणाऱ्यांना सोडले होते तो प्रश्न, म्हणजे पुढचा भाग केव्हा आणि त्यात हे सगळे कसे फेडणार, आता पुण्यातल्या निर्मात्यांना विचारला जाऊ लागला.